पंपावर गॅस नाही, पाइप मात्र दारातून बेंगळुरूला

परवा पुन्हा तेच. महामार्गावरच्या सीएनजी पंपावर रिक्षांची रांग पार फाट्याच्या पुढे गेलेली, आणि मशीनला पुठ्ठा लटकवलेला: "गॅस नाही. गाडी येत आहे." कुठे आहे गाडी? घाटात. कधी येणार? "दादा, फोन लागत नाही." ऐन सणाच्या तोंडावर, चाकरमानी उतरायच्या दिवसांत, धंद्याच्या वेळेला! दुपारी गाडी आली, तर पहिल्या दहा-बारा वाहनांना जरा बरा गॅस मिळाला आणि मागच्यांच्या टाकीत एकशेवीस बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) काटा थांबला. त्यावर पंपावरचा पोरगा म्हणतो, "एवढाच जातोय, घ्यायचा तर घ्या." चीड त्या पोराची नाही येत. तो बिचारा सकाळपासून शिव्या खातोय. चीड येते ती ही व्यवस्था ज्यांनी अशी मांडून ठेवली त्यांची.

एवढाच का जातो, ते कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. हे डॉटर स्टेशन आहे. पाइपचा गॅस इथे येत नाही, ट्रकवरच्या सिलिंडरच्या चळतीतून येतो. मदर स्टेशनवर, म्हणजे पाइपचा गॅस जिथे दाबून भरतात तिथे, ती चळत दोनशे बारच्या वर भरून पाठवतात. इथे एकेक गाडी भरली की चळतीचा दाब उतरत जातो. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की पुढे गॅस ढकलायला बूस्टर कॉम्प्रेसर लागतो. बूस्टर बंद असेल, लहान असेल किंवा लाइट गेलेली असेल, की संपलं. कोकणात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. दहा किलोची टाकी एकशेवीस बारवर जेमतेम सहा किलो घेते. त्यातही घाईघाईनं भरला की टाकी तापते, काटा वर दिसतो, आणि गाडी चार-पाच किलोमीटर जाऊन थंड झाली की खाली येतो. रिक्षाला राखीव पेट्रोल असतं दोन-अडीच लिटर. त्यावर शाळेची पोरं सोडायची, की दवाखान्याचं भाडं मारायचं? टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, मात्र दर तीन वर्षांनी झालीच पाहिजे. प्लेटवरची तारीख उलटली की नोझल लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नियम रिक्षावाल्यानं पाळायचे. मग एक साधा नियम पंपानंही पाळावा: चळतीत आत्ता किती बार आहे ते फळ्यावर लिहायचं, म्हणजे माणूस दोन तास उन्हात उभं राहायचं की नाही ते ठरवेल. एवढं खडूनं लिहायला कोणाच्या मंजुरीची गरज आहे?

आणि हे सगळं कुठे, तर रत्नागिरी जिल्ह्यात! गुहागर तालुक्यात अंजनवेलला एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप गॅसचं, टर्मिनल उभं आहे. उणे 162 अंशांवर थंड करून, आकार सहाशे पटीनं आवळलेला गॅस तिथे जहाजानं येतो, पुन्हा गरम होतो आणि पाइपमध्ये जातो. तो पाइप सह्याद्री चढतो, बेळगाव-धारवाडकडून बेंगळुरूला जातो. बेंगळुरूला मिळाला याचं दुःख नाही. पण ज्यांच्या जमिनी त्या प्रकल्पात गेल्या, ज्यांच्या मच्छीमारीच्या जागा गेल्या, ज्यांनी दाभोळच्या एन्रॉनविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या जिल्ह्यात अजून पुठ्ठ्यावर लिहून गॅस वाटायचा?

त्या टर्मिनलचं तरी काय झालं? पहिलं जहाज लागलं 2013 च्या जानेवारीत. लाटा अडवणारा बंधाराच पुरा केलेला नव्हता, म्हणून पुढची दहाहून जास्त वर्षं दर पावसाळ्यात जहाजं बंद. क्षमता वर्षाला 50 लाख टनांची, पण बंधाऱ्याशिवाय चालणार जेमतेम 29 लाखांवर. कोकणात पावसाळा येतो, खवळलेल्या दर्यात जहाज धक्क्याला लागत नाही, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. एक दगडी बंधारा दहा वर्षं रखडतो आणि कोणाची खुर्ची हलत नाही.

मग बाहेरचे दादागिरी करतात त्यात नवल काय! तिथल्याच दाभोळ वीज प्रकल्पाचा इतिहास बघा. 1993 मध्ये जागतिक बँकेनं पैसे द्यायला नकार दिला. आयात एलएनजीवरची वीज कोळशाच्या मानानं फार महाग पडेल, हिशोब बसत नाही, हे त्यांनीच लिहून दिलं. तरी अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी करार झाला. वीज लागो न लागो, राज्याच्या वीज मंडळानं पैसे मोजायचे. हिशोब डॉलरशी बांधलेला. मंडळाला जमलं नाही तर राज्याची हमी, राज्याला जमलं नाही तर केंद्राची प्रतिहमी. 1995 मध्ये राज्यात सरकार बदललं, चौकशी लागली, तर अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं जाहीर इशारा दिला की करार मोडलात तर बाकीच्या प्रकल्पांचे पैसेही अडतील. ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, आणि वर्षभरातच तीच कंपनी आणखी मोठा प्रकल्प घेऊन परत आली. दुसऱ्या टप्प्यासाठी ओमान आणि अबू धाबीचा एलएनजी वीस-वीस वर्षांसाठी बांधून घ्यायचा घाट होता. 2001 च्या मे महिन्यात प्लांट बंद पडला. जूनमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधींकडे दाभोळच्या थकबाकीचा विषय काढला. त्या तेव्हा विरोधी पक्षनेत्या! डिसेंबरमध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली, आणि सांगाडा आपल्या बँकांच्या आणि सरकारी कंपन्यांच्या गळ्यात पडला. पुढे आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या केजी बेसिनचा गॅस आटला तेव्हा हाच प्लांट पुन्हा गॅसअभावी बंद. 2015 मध्ये रेल्वेला वीज द्यायला त्यातला थोडा भाग चालू केला.

गॅस घ्या, पण आम्ही सांगू त्यांच्याकडूनच घ्या, हेही जुनंच. इराणकडून पाकिस्तानमार्गे पाइप यायचा होता. 2005 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस दिल्लीत येऊन उघड नापसंती सांगून गेल्या. त्याच वर्षी इराणशी वर्षाला 50 लाख टन एलएनजीचा, पंचवीस वर्षांचा करार झाला होता. त्यातलं एकही जहाज आलं नाही. पर्शियन आखातात फर्जाद-बी नावाचं वायूक्षेत्र 2008 मध्ये भारतीय कंपन्यांनी शोधलं. निर्बंधांच्या घोळात वर्षं गेली, आणि 2021 मध्ये इराणनं ते स्वतःच्या, इराणी कंपनीला देऊन टाकलं. कतारहून जहाज तीन-चार दिवसांत पोचतं. अमेरिकेजवळच्या मेक्सिकोच्या आखातातून आफ्रिकेला वळसा घालून यायचं तर महिना मोडतो, रोज थोडा गॅस उडतो आणि भाडं वेगळं. पण अमेरिकेनं टॅरिफचा, म्हणजे आपल्या मालावरच्या आयातकराचा, बडगा उगारला की आपण तिथलीच खरेदी वाढवतो. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये स्वयंपाकाच्या गॅसचाही अमेरिकेशी 22 लाख टनांचा वर्षाचा करार झाला. एकट्या पर्शियन आखातावर विसंबून राहू नये, म्हणून चार ठिकाणांहून घेणं योग्यच आहे. पण ते आपल्या हिशोबानं आपण ठरवायचं. 2025 मध्ये ठेवलं तसं डोक्यावर 50 टक्के टॅरिफ ठेवून कोणी ठरवून द्यायचं नाही.

युरोपचं नाव काढलं की माझं डोकं जास्तच फिरतं. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत यांनी परदेशातल्या तेल-गॅस प्रकल्पांना सरकारी पैसा बंद करायच्या शपथा घेतल्या. 2022 च्या मे महिन्यात जर्मनीचे चॅन्सेलर सेनेगलला गॅस मागायला हजर. रशियाच्या आर्क्टिक एलएनजी-2 प्रकल्पाचा गॅस घेऊ नका म्हणून अमेरिकेनं आपल्यावर डोळे वटारले, आपण घेतला नाही. आणि 2024 मध्ये युरोपनंच रशियन एलएनजीची विक्रमी खरेदी केली, फ्रान्स-बेल्जियम-स्पेनच्या बंदरांत उतरवून घेतली.

याचा रिक्षाशी काय संबंध, असं विचारणारे भेटतात. सरळ संबंध आहे. शहर गॅस कंपन्यांना मिळणारा देशी स्वस्त गॅस 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कापला, नोव्हेंबरमध्ये पुन्हा कापला. तूट भरायची ती महाग गॅसनं, त्यात जहाजावरचाही आला, म्हणून सीएनजी किलोमागे वाढला. आणि जहाजावरच्या गॅसचा भाव म्हणजे 2020 च्या उन्हाळ्यात स्पॉटला, म्हणजे खुल्या बाजारात, एका एमएमबीटीयूला (गॅसचं माप) दोन डॉलरच्या आसपास, 2022 मध्ये पन्नासच्या वर. देशाचा निम्मा गॅस असा बाहेरून येतो. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू, पाडूरला जमिनीखाली साठे खोदले. गॅससाठी देशाचा राखीव साठा शून्य. साठा नाही म्हणजे जो भाव सांगतील तो मोजायचा.

भांडता येत नाही असंही नाही. 2015 च्या शेवटी कतारशी बसून पेट्रोनेट या आपल्या एलएनजी आयात करणाऱ्या कंपनीनं भाव जवळजवळ निम्म्यावर आणला. कमी उचल केल्याचा बारा हजार कोटींच्या घरातला दंडही माफ करून घेतला. बाजारात गॅस मुबलक होता, गिऱ्हाईक आपण मोठे, तेवढं ओळखून टेबलावर बसले म्हणून जमलं.

आणि गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीनं रशियन कंपनीच्या सिंगापूर शाखेशी वर्षाला 25 लाख टनांचा वीस वर्षांचा करार केला होता, त्यात काय झालं? 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध लागलं, त्या शाखेची जर्मनीतली मूळ कंपनी जर्मन सरकारनं ताब्यात घेतली, आणि आपली जहाजं थांबली. आम्ही गॅस उचलला नाही तरी पैसे भरायचे, आणि त्यांनी ऐन भाववाढीत गॅस दिला नाही तर? लवादात जा. गेल गेलं. मागितले 1.8 अब्ज डॉलर. 2025 च्या जानेवारीत तडजोड झाली ती साडेअठ्ठावीस कोटी डॉलरवर.