शेतातलं कुठलं तंत्रज्ञान टिकेल, हे स्टॉलवर कळत नाही

डिसेंबरात मोशीचं ‘किसान’ कृषी प्रदर्शन, जानेवारीत बारामतीचं ‘कृषिक’, मग तालुक्यातालुक्यातले मेळावे. दरवर्षी मांडवाच्या मधोमध एक नवं यंत्र असतं. मध्यंतरी ड्रोन होता, आता ‘एआय’ (कृत्रिम बुद्धिमत्ता) आहे. यातलं काय टिकणार, हे यंत्राकडे बघून ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते शेतकऱ्याच्या कुठल्या अडचणीवर उतारा आहे आणि ऐन हंगामात बंद पडलं तर तालुक्यात कोण दुरुस्त करून देतो, एवढं बघावं. अनुदानात किती नग गेले, हा आकडा या हिशेबात धरूच नये.

फवारणीतला सगळ्यात मोठा बदल बॅटरीवरच्या पाठपंपाने केला, आणि त्याचं कुणी उद्घाटनही केलं नाही. १६ लिटरची टाकी, १२ व्होल्टची बॅटरी आणि आत मोटरवर चालणारा छोटा डायफ्रॅम पंप. दांडा हलवून खांदा भरून यायचा, ते थांबलं. हंगाम संपल्यावर बॅटरी उतरलेल्या अवस्थेत चार महिने कोपऱ्यात पडली की तिच्या प्लेटा खराब होतात. महिन्यातून एकदा चार्ज करत राहिलं की ती टिकते. मोटर, चार्जर, नोझल, वायसर कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. म्हणून तो घरोघरी गेला.

मोबाईल स्टार्टरचंही तसंच. शेतीला थ्री फेज वीज पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, वाटेत साप, जुन्नरकडे बिबट्या. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्डवाली एक पाटी (सर्किट बोर्ड) बसवली की घरून फोन लावून मोटर चालू-बंद करता येते. एखादा फेज गेला किंवा विहिरीचं पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली, की करंटवरून ते ओळखून ही पाटी मोटर बंदही करते. बिघाड ठरलेले आहेत. सिमचा रिचार्ज संपतो, पाटी टू-जीची असताना फक्त फोर-जी चालवणाऱ्या कंपनीचं सिम घातलं जातं, अर्थिंग नसल्याने वळवाच्या विजेत पाटी जळते. गावातला मोटर भरणारा मेकॅनिक हे सगळं निस्तरतो. मात्र या स्टार्टरचा पाया रात्रीची वीज हाच आहे. ३, ५, साडेसात एचपीचे सौरपंप जसजसे वाढतील, तसतशी तिथली त्याची गरज कमी होईल. टिकाऊ वाटणाऱ्या गोष्टीचंही आयुष्य अडचणीएवढंच असतं.

ठिबकने ही परीक्षा फार आधी दिली. राज्यात १९८० च्या दशकापासून अनुदान आहे, तरी तुंबलेल्या नळ्यांची वेटोळी बांधावर पडलेली खूप दिसायची. दोष नळीचा नव्हता, देखभाल कुणी शिकवलीच नव्हती. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबात अर्ध्या किलोचा (दर चौरस सेंटिमीटर) फरक दिसला की फिल्टर धुवायचा. ड्रिपरखाली ३६ सेकंद भांडं धरायचं. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर ४० मिली पाणी यायला हवं. शेवटच्या नळीत ३०-३२ मिलीच आलं, तर क्षार साचलेत असं समजा. मग आम्ल सोडायचं, टोकाच्या पाण्याचा सामू (पीएच) ४ पर्यंत आणायचा, २४ तास तसंच ठेवून टोप्या उघडून धुवायचं. शेवाळासाठी ब्लीचिंग वापरत असाल, तर ते आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आज या गोष्टी अनेक गावांत शेतमजुरालाही माहीत असतात. ठिबक रुजलं ते इथे.

आता ड्रोन. गरज खरी आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली. माणसाला औषधापासून लांब ठेवणारं काहीही मला मोलाचं वाटतं. पण हिशेब करा. टाकी १० लिटरची, म्हणजे साधारण एक एकर. भरलेल्या टाकीसह बॅटरी १० ते १५ मिनिटं चालते. दिवसाला २० एकर करायचे तर बॅटऱ्यांचे चार-पाच सेट आणि बांधावर जनरेटर हवा. या बॅटऱ्या काही शे चार्जिंगनंतर बसतात. त्या बदलण्याचा खर्च एकरी भाड्यात धरला नसेल, तर अनुदानात मिळालेलं यंत्रही गोठ्यात जाऊन बसतं. शिवाय पाठपंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी जातं, इथे १०. थेंब बारीक, वारा सुटला की शेजारच्या रानात. पानाच्या खालच्या बाजूला बसलेली पांढरी माशी किंवा लाल कोळी यांच्यापर्यंत औषध नीट पोचत नाही. डोक्यावर गेलेल्या उसात माणूस शिरूच शकत नाही, तिथे आणि उंच तुरीत भाड्याचा ड्रोन राहील. पाच एकरवाल्याने स्वतःचा घेणं मला पटत नाही.

पाणी कधी आणि किती द्यायचं, हा ‘एआय’चा सल्ला शेवटी जमिनीत रोवलेल्या ओलावा सेन्सरवर उभा असतो, आणि त्याबद्दल स्टॉलवर कुणी बोलत नाही. काळी जमीन वाळताना भेगाळते, सेन्सरभोवती हवेची पोकळी होते आणि तो ‘कोरडं’ असं खोटं सांगतो. म्हणून भोक पाडून त्याच मातीची पातळ राबडी आत ओतायची आणि मग सेन्सर दाबायचा. एक १५ सेंटिमीटरवर, दुसरा ३० वर, दोन्ही ड्रिपरपासून वीतभर लांब. पहिली भेग दिसली की परत तपासायचं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत पानावरचा ओलेपणा मोजणारी हवामान यंत्रं रुळली, कारण डावणी या बुरशीजन्य रोगाची एक फवारणी वाचली तरी पैसे दिसतात. उसात तेवढा फायदा निघतो का, ते विक्रेत्याने आकड्यात दाखवावं. दुसऱ्या वर्षापासून वर्गणी किती, सेन्सर गेला तर बदलून किती दिवसांत मिळतो, हे त्याला विचारा. आणि ती वर्गणी स्वतःच्या खिशातून भरणाऱ्या पाच शेतकऱ्यांचे फोन नंबर मागून घ्या.