एसटीटीवाय मोडीत काढणाऱ्या सल्ल्याला उत्तर

लिनक्स शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला बरीच वर्षं हातोहात फिरतो आहे. तो साधारण असा: टर्मिनलची सेटिंग्ज दाखवणारी आणि बदलणारी एसटीटीवाय (stty) ही कमांड तारेने जोडलेल्या टाइपरायटरांच्या जमान्यातली. आता टर्मिनल म्हणजे पडद्यावरची एक विंडो. तिची सेटिंग्ज तिच्याच मेनूत मिळतात आणि उरलेलं शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, बघून घेते. कंट्रोल-एस दाबून टर्मिनल अडकलं तर विंडो बंद करा. अक्षरं विचित्र दिसू लागली तर रीसेट टाइप करा, नाहीतर एसटीटीवाय सेन, दोन्ही एकच. कुणी एसटीटीवायची एखादी ओळ दिलीच तर ती बॅशआरसी फाइलमध्ये (बॅश ही शेल सुरू होताना वाचते ती फाइल) टाका आणि विसरा. बॉड रेट, म्हणजे तारेवरचा वेग, तर आता इतिहासजमा झाला.

सल्ला देणाऱ्याचा हेतू नवशिक्याचं ओझं हलकं करण्याचा असतो, हे मान्य. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यामुळे शिकणाऱ्याच्या नजरेआड संगणकाचा एक जिवंत भाग जातो. आणि देवनागरीत लिहिणाऱ्यांना तर तो भाग इतरांपेक्षा जास्त नडतो. म्हणून हे सविस्तर उत्तर.

कमांड जुनी आहे, हे खरं. नोव्हेंबर १९७१ मधल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये एसटीटीवाय आणि जीटीटीवाय ही सिस्टिम कॉलची जोडी आहे. तेव्हा समोर टेलिटाइप मॉडेल ३३ सारखी यंत्रं असायची, सेकंदाला दहा अक्षरं कागदावर छापणारी. ती यंत्रं गेली. पण कर्नलमधला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातला, जो थर त्यांच्यासाठी लिहिला गेला, तो गेला नाही. आज तुम्ही टर्मिनलची विंडो उघडता तेव्हा कर्नल आभासी टर्मिनलची एक जोडी तयार करतं. तिचं एक टोक विंडोच्या हातात असतं, दुसरं शेलच्या. या दोन टोकांच्या मधे तोच थर बसलेला असतो. त्याला लाइन डिसिप्लिन म्हणतात. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने त्याची सेटिंग्ज टर्मिऑस या नावाखाली बांधून दिली आणि लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी सगळीकडे ती आजही त्याच नावांनी सापडतात. एसटीटीवाय या मधल्या थराशी बोलते. कोणत्याही विंडोत एसटीटीवाय -ए चालवून पाहा, जी लांबलचक यादी येईल ती तुमच्या आत्ताच्या, चालू टर्मिनलची आहे.

आता मेनूचं म्हणणं. फॉन्ट, रंग, किती ओळी मागे जाता येतं, हे विंडोचं काम आहे, त्यासाठी मेनूच योग्य. पण कंट्रोल-सी घ्या. अनेकांची समजूत असते की विंडो प्रोग्रॅम बंद करते. विंडो फक्त ३ या मूल्याचा एक बाइट पुढे ढकलते. आयएसआयजी हे सेटिंग चालू असेल आणि इंटरप्टचं अक्षर म्हणून ३ ठरलेलं असेल, तर कर्नल तो बाइट गिळतं आणि समोर चालू असलेल्या प्रोसेस ग्रुपला सिग्नल पाठवतं. पडताळून पाहायचं असेल तर एसटीटीवाय इंटर (intr, इंटरप्टचं लघुरूप) लिहून पुढे टोपीचं चिन्ह आणि जी (^G, म्हणजे कंट्रोल-जी) टाइप करा, मग स्लीप १०० चालवा. कंट्रोल-सी काहीच करणार नाही, कंट्रोल-जी दाबलं की स्लीप थांबेल. विंडोच्या मेनूला तुम्ही हातही लावलेला नाही. कंट्रोल-झेडने प्रोसेस थांबणं, कंट्रोल-डीने इनपुट संपणं, कंट्रोल-यूने ओळ पुसली जाणं, या सगळ्यांची व्यवस्था याच थरात आहे. दूरच्या यंत्रावर काम करायला एसएसएच वापरताना तुमच्याकडचा एसएसएच प्रोग्रॅम स्थानिक टर्मिनलचा हा थर जवळपास पारदर्शक करून टाकतो, तो बाइट दूरच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि सिग्नल तिथलं कर्नल बनवतं. ही साखळी डोक्यात असेल तर 'सर्व्हरवर कंट्रोल-सी का चालत नाही' या प्रश्नाचं उत्तर कुठे शोधायचं ते कळतं.

कंट्रोल-एस दाबल्यावर विंडो बंद करण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात माणसांचं काम वाया जातं. टर्मिनल बिघडलेलं नसतंच. कंट्रोल-एस म्हणजे १९ या मूल्याचा बाइट, 'थांब' असा निरोप. कंट्रोल-क्यू म्हणजे १७, 'आता पाठव'. आयएक्सऑन हे सेटिंग चालू असल्यामुळे कर्नल हा निरोप पाळतं आणि पडद्याकडे जाणारा मजकूर रोखून धरतं. आत प्रोग्रॅम जिवंत असतो, फक्त त्याचं बोलणं अडलेलं असतं. कंट्रोल-क्यू दाबलं की साठलेलं सगळं बाहेर येतं. विंडो बंद केली तर मात्र आतल्या प्रोसेसना हँगअपचा सिग्नल जातो आणि तासभर चाललेली डेटाबेसची आयात मधेच मरते. ज्यांना हे थांबवणं नकोच आहे त्यांच्यासाठी एसटीटीवाय -आयएक्सऑन आहे (सेटिंगच्या नावाआधी वजा चिन्ह म्हणजे ते बंद). त्याचा आणखी एक फायदा होतो: बॅशमध्ये कंट्रोल-आरने जुन्या कमांड मागे मागे शोधता येतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण कंट्रोल-एसने तोच शोध उलट दिशेने पुढे येतो हे फार थोड्यांना, कारण आयएक्सऑनमुळे ते बटण बॅशपर्यंत पोचतच नाही.

'उरलेलं शेल बघून घेते' हे वाक्य अर्धसत्य आहे. बॅश आणि झेडशेल प्रॉम्प्टवर असताना ओळीचं संपादन स्वतः करतात, हे बरोबर. पण तुम्ही एन्टर दाबून एखादा प्रोग्रॅम सुरू केला की शेल सेटिंग्ज पूर्ववत करून बाजूला होते. त्यानंतर कॅट (आलेला मजकूर जसाच्या तसा बाहेर देणारी कमांड), स्क्रिप्टमधलं साधं रीड (एक ओळ वाचणारी कमांड), डॅशसारखी लहान शेल, अशा अनेक ठिकाणी तुमची बॅकस्पेस कर्नल हाताळतं.

मराठी लिहिणाऱ्यांनी इथे थांबून नीट पाहावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'पुणे' हा शब्द प, उकार, ण, एक मात्रा, म्हणजे चार चिन्हं आणि बारा बाइट. लिनक्सच्या टर्मिऑसमध्ये आययूटीएफ८ नावाचं सेटिंग आहे, २००४ मध्ये आलेलं. ते बंद असेल तर कर्नल एका बॅकस्पेसला एकच बाइट पुसतं. तुम्ही कॅट चालवून 'पुणे' लिहिलंत, एकदा मागे आलात आणि एन्टर दाबलंत, तर मात्रेचे तीनपैकी दोन बाइट मागे राहतात आणि ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन किंवा तसलंच काही उमटतं. फाइलमध्ये हा मजकूर गेला तर ती फाइल वैध यूटीएफ-८ राहत नाही आणि पुढे एखादा पायथन प्रोग्रॅम ती वाचताना आपटतो. शोधणारा माणूस दोष फॉन्टला देतो, कीबोर्डला देतो, युनिकोडला देतो. खरं कारण एसटीटीवाय -ए च्या यादीत एका वजा चिन्हाच्या रूपाने समोर असतं. नव्या टर्मिनल विंडो हे सेटिंग स्वतः चालू करतात. एसएसएचमधून ते पलीकडच्या सर्व्हरला कळवण्याची सोय मात्र ओपनएसएसएचमध्ये २०१६ साली आली आणि तिचं अधिकृत मानक, आरएफसी ८१६०, एप्रिल २०१७ मधलं आहे. जुन्या सर्व्हरवर ते हातानेच चालू करावं लागतं: एसटीटीवाय आययूटीएफ८.

तेवढ्याने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. आययूटीएफ८ चालू असताना कर्नल एका वेळी पूर्ण चिन्ह पुसतं, पण पडद्यावर त्या चिन्हाने किती जागा घेतली हे त्याला कळत नाही. प्रत्येक चिन्हाला तो एक रकाना धरतो. उकार आणि एक मात्रा यांना बहुतेक टर्मिनल स्वतंत्र रकाना देत नाहीत, त्यामुळे 'पुणे' पडद्यावर दोनच रकाने घेतो. एकदा बॅकस्पेस दाबलं की पडद्यावरून अख्खा 'णे' जातो, आत मात्र 'पुण' शिल्लक असतं. दुसऱ्यांदा दाबलं की पडदा रिकामा, आत 'पु' तसाच. आता एन्टर दाबलं तर ते न दिसणारं 'पु' प्रोग्रॅमला मिळतं. देवनागरी इनपुट घेणारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी म्हणूनच बॅशच्या रीडला -ई जोडावं, म्हणजे संपादन कर्नलऐवजी रीडलाइन, बॅशची ओळ संपादित करणारी लायब्ररी, करते. हा निर्णय घ्यायला कोणतं काम कुणाच्या हातात आहे ते माहीत असावं लागतं, आणि फिरता सल्ला नेमकं तेच सांगत नाही.

याच थराची आणखी एक मर्यादा. लिनक्समध्ये कर्नल ओळ साठवून ठेवत असताना एका ओळीत ४०९५ बाइटच धरतं, मॅकओएसवर मर्यादा १०२४ ची आहे. लांबलचक टोकन किंवा किल्ली कॅटमध्ये पेस्ट केली की शेपूट गायब होतं आणि 'कॉपी करताना काहीतरी चुकलं' म्हणून पुन्हा पुन्हा पेस्ट केलं जातं. देवनागरीत हिशेब केला तर १३६५ चिन्हं झाली, म्हणजे एक बऱ्यापैकी मोठा परिच्छेद. एसटीटीवाय -आयकॅनन केलं की ओळ साठवणं बंद होतं आणि मर्यादाही उरत नाही. तेव्हा कंट्रोल-डीचा अर्थही नाहीसा होतो, शेवट कंट्रोल-सीने करावा आणि नंतर एसटीटीवाय आयकॅननने पूर्ववत यावं.

रीसेट आणि एसटीटीवाय सेन एकच नाहीत. सेन फक्त कर्नलमधली सेटिंग्ज ठाकठीक करते, पडद्याला एक अक्षरही पाठवत नाही. रीसेट ते करतेच, वर टर्मिनललाही त्याची आरंभीची चिन्हमालिका पाठवते. एखादा प्रोग्रॅम मधेच मेला आणि टाइप केलेलं दिसेनासं झालं, तर सेन पुरे. चुकून बायनरी फाइल कॅट केली आणि अक्षरांच्या जागी रेघा उमटू लागल्या, तर बिघाड विंडोच्या बाजूला आहे, तिथे सेनचा उपयोग नाही, रीसेटच हवं. एन्टर दाबल्यावर ओळ पुढे न जाता टोपीचं चिन्ह आणि एम उमटत असेल, तर एन्टरच्या बाइटला ओळ संपवणाऱ्या बाइटमध्ये बदलणारं आयसीआरएनएल हे सेटिंग बंद पडलंय. अशा वेळी एन्टरऐवजी कंट्रोल-जे दाबावं: कंट्रोल-जे, एसटीटीवाय सेन, पुन्हा कंट्रोल-जे. आणि आपल्यासाठी एक खास इशारा: अनेक लिनक्स यंत्रांवर सेन स्वतःच आययूटीएफ८ बंद करते. तिच्या मागोमाग एसटीटीवाय आययूटीएफ८ देण्याची सवय लावून घ्या.

पासवर्ड विचारताना एसटीटीवाय -इको (टाइप केलेलं पडद्यावर दाखवणं बंद) आणि नंतर एसटीटीवाय इको अशी जोडी बऱ्याच स्क्रिप्टमध्ये असते. मधेच कुणी कंट्रोल-सी दाबलं तर दुसरी ओळ चालत नाही, आणि प्रत्येक शेल सावरून घेईलच असं नाही. एसटीटीवाय -जी सध्याची सगळी सेटिंग्ज एका ओळीत देते. ती एका चलात ठेवावी आणि स्क्रिप्ट कशीही संपली तरी ट्रॅप (शेवटी ठरलेली कमांड चालवण्याची शेलची सोय) वापरून तीच ओळ एसटीटीवायला परत द्यावी. कुणाच्या यंत्रावर इको आधीपासून कसं होतं याचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

बॅशआरसीत टाकून विसरण्याबद्दल थोडक्यात. एसटीटीवाय आपलं काम स्टँडर्ड इनपुटवर करते. एसएसएचने दूरच्या यंत्रावर नुसती एक कमांड चालवली तर तिथली बॅशआरसी बऱ्याचदा वाचली जाते, पण इनपुटला टर्मिनल नसतं. मग 'इनॅप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस' हा संदेश रोजच्या बॅकअपच्या लॉगमध्ये दिसत राहतो आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, खऱ्या चुकीकडेसुद्धा. ओळ लिहायचीच तर आधी टेस्टला -टी आणि ० देऊन इनपुट टर्मिनल आहे का ते तपासावं.

राहिला बॉड रेट. विंडोतल्या टर्मिनलपुरता सल्ला बरोबर आहे: यादीत ३८४०० बॉड दिसतं आणि त्या आकड्याचा कशावरही परिणाम होत नाही. पण खऱ्या सिरियल तारा संपलेल्या नाहीत. राउटर आणि स्विचचे कन्सोल पोर्ट ९६०० वर बोलतात, रास्पबेरी पाय आणि ईएसपी३२ बहुधा ११५२०० वर. कॉलेजच्या प्रकल्पात यूएसबीने जोडलेला सेन्सर वाचायचा असेल तर लिनक्सवर एसटीटीवायला -एफ देऊन त्या डिव्हाइसचं नाव, मग ११५२००, रॉ, -इको एवढं पुरतं. लिनक्सवर हे एफ इंग्रजीतलं मोठं, मॅकओएसवर लहान. आर्डुइनो उनोसारखा बोर्ड पोर्ट उघडताच स्वतःला पुन्हा सुरू करत असेल तर -एचयूपीसीएल द्या, म्हणजे पोर्ट बंद होताना डीटीआरची (संगणक जोडलेला आहे असं कळवणारी) रेषा खाली पडत नाही आणि पुढच्या वेळी बोर्ड रीसेट होत नाही. अशा तारेवरून विंडोचा आकार पलीकडे कळवण्याची सोय नसते, एसटीटीवाय साइझ विचारलं तर अनेकदा शून्य आणि शून्य उत्तर येतं आणि लांब कमांड लिहिताना ओळ स्वतःवरच चढते. एसटीटीवाय रोज ४० कॉल्स १३२ (इथे रोज म्हणजे rows, ओळी; कॉल्स म्हणजे cols, रकाने) असे आपल्या विंडोचे खरे आकडे दिले की त्यानंतर उघडलेलं व्हीआय पूर्ण पडदा वापरतं. विंडो लहानमोठी केलीत तर ते आकडे पुन्हा द्यावे लागतात.