दोन लॅब, दोन रिपोर्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा वाचली, तेव्हापासून ती मनातून जात नाहीये. नातीच्या मांडीवरची गुलाबी गाठ काढली. एका लॅबने ‘अॅटिपिकल स्पिट्झ ट्यूमर’ (साधा तीळ आणि कॅन्सर यांच्या मधली गाठ) लिहिलं, दुसरीने ‘मेलॅनोमा नाकारता येत नाही’; मेलॅनोमा म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर. तुमचं म्हणणं असं, की कॅन्सर आहे की नाही एवढंच सांगायचं असतं, ‘अनिश्चित’ ही डॉक्टरांची पळवाट आहे आणि अशा मधल्या गाठींवरच्या माझ्या लेखाने तिचीच तरफदारी केली. शिवाय अशा गाठी किती जणांना होतात, याचा एक आकडाही मी दिला नाही.

तुमचा राग मला समजतो. ‘पळवाट’ हा शब्द मात्र मान्य नाही.

साध्या तिळात वरच्या पेशी मोठ्या असतात आणि खोल जावं तशा लहान होत जातात. मेलॅनोमात त्या तळापर्यंत तशाच दांडग्या राहतात, तळाशीही विभाजन चालू असतं. मी पॅथॉलॉजिस्ट; मध्यंतरी माझ्याकडे एका मुलाच्या कानावरची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला आली होती. वरचा अर्धा भाग अगदी शहाण्यासारखा आणि तळाशी तीन पेशी विभागताना दिसल्या. सलग तीन संध्याकाळी मी ती स्लाइड लावून बसले, दोनदा मत बदललं. शेवटी ‘अनिश्चित’ लिहिलं, कारण तेच खरं होतं. ‘कॅन्सर’ लिहिलं असतं तर त्या मुलाला नको त्या उपचारांतून जावं लागलं असतं, ‘साधा तीळ’ लिहिलं असतं तर त्याला पुन्हा तपासायला कुणी आणलं नसतं.

हे कोडं जुनं आहे. न्यूयॉर्कच्या सोफी स्पिट्झ यांनी १९४८ मध्ये मुलांमधल्या अशा १३ गाठींबद्दल लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मेलॅनोमासारख्या दिसत होत्या, पण दगावलं एकच मूल. आजही तज्ज्ञांचं एकमत होत नाही. अमेरिकेत १८७ पॅथॉलॉजिस्टना स्लाइड देऊन पाहिल्या, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. साध्या तिळांबाबत त्यांचं निदान तज्ज्ञ मंडळाशी ९२ टक्के वेळा जुळलं. विचित्र तिळापासून अगदी सुरुवातीच्या मेलॅनोमापर्यंतच्या मधल्या तीन पायऱ्यांवर ते २५, ४० आणि ४३ टक्क्यांवर आलं. काही महिन्यांनी त्याच स्लाइड त्याच माणसांना पुन्हा दाखवल्या, तेव्हा यांतल्या पहिल्या पायरीवर स्वतःचंच आधीचं निदान फक्त ३५ टक्के वेळा कायम राहिलं. म्हणजे दोन लॅबची दोन मतं आली, तेवढ्यावरून कुणी निष्काळजीपणा केला असं ठरत नाही.

आता आकड्याचं. कॅन्सर नोंदणीत प्रामुख्याने पक्के कॅन्सर मोजले जातात, ‘सांगता येत नाही’ अशा गाठी बहुधा बाहेरच राहतात. त्यांची नावंही बदलत आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात मधल्या गटासाठी ‘मेलॅनोसायटोमा’ हे नाव आलं. एकच गाठ एकाच्या हिशेबात तीळ आणि दुसऱ्याच्या हिशेबात मेलॅनोमा असेल, तर लाखात किती हे मी कशाच्या आधारावर लिहू? आपल्याकडे तर मेलॅनोमाच लाखात एकाहून कमी लोकांना होतो. त्यामुळे इथल्या कितीतरी पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालून अशा गाठी वर्षानुवर्षं जात नाहीत.

पुढे काय होतं, हे त्या मानाने बरंच ठाऊक आहे आणि ते दिलासा देणारं आहे. अॅटिपिकल स्पिट्झ ट्यूमरच्या ५४१ रुग्णांची माहिती २०१४ मध्ये एकत्र केली गेली. त्यांतल्या ३०३ जणांची जवळची लिम्फ गाठ (शरीरात मुळातच असलेली ग्रंथी) तपासली होती आणि ११९ जणांच्या लिम्फ गाठीत ट्यूमरच्या पेशी सापडल्या. मेलॅनोमात एवढ्यावर धाबं दणाणतं. इथे सुमारे पाच वर्षांनी ९९ टक्के लोक हयात होते. याला अपवाद आहेत, म्हणूनच धोक्याची गाठ ओळखायला नवव्या गुणसूत्राचा ९पी२१ हा भाग दोन्ही प्रतींतून गळालाय का, ‘टर्ट’ नावाच्या जनुकात बदल आहे का, हे तपासतात. मोठ्या माणसांतल्या गाठींबाबत आम्ही जास्त सावध असतो.

तुमची एक तक्रार मात्र पूर्ण मान्य. असा रिपोर्ट हातात आल्यावर घरच्यांनी काय करायचं, ते मी लिहिलंच नाही. नुसत्या स्लाइड नकोत, गाठीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही लॅबकडून मागून घ्या आणि त्वचेच्या गाठी रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा. सोबत मुलीचं वय, गाठीची जागा, ती किती दिवसांत वाढली ते आणि काढण्याआधीचा फोटो द्या. गाठीच्या कडा मोकळ्या आल्यात का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत या पेशी पोचलेल्या नाहीत ना, हे सर्जनला विचारा. कडा मोकळ्या नसतील तर थोडी त्वचा पुन्हा काढावी लागेल. जांघेतल्या लिम्फ गाठी किती महिन्यांनी तपासायच्या, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. हा परिच्छेद आज मूळ लेखातही घालते आहे. तिसरं मत आलं की जरूर कळवा.