पक्ष नाही म्हणजे मत नाही असं थोडीच आहे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नियम आहे, राजकीय पोस्ट टाकायची नाही. ठीक आहे, मान्य. पण परवा एका काकूंनी साधं विचारलं की समोरचा रस्ता आत्ताच तर केला होता, परत का उखडलाय, तर ॲडमिनने तेही डिलीट केलं. का तर म्हणे राजकारण नको. आता रस्ता राजकारण, मग पाणी, कचरा, ड्रेनेज सगळंच राजकारण, मग ग्रुपवर उरलं काय, गुड मॉर्निंग आणि हरवलेल्या मांजराचा फोटो.

निःपक्षपाती म्हणजे तोंड मिटून बसणं असा आपल्याकडे समज झालाय, आणि माझं मत बरोबर उलटं आहे. जे खरंच कुठल्या पक्षाचे नसतात ते सगळ्या पक्षांना नकोसे होतात, तीच त्यांची ओळख.

एडीआरचंच बघा ना. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, निवडणूक सुधारणांसाठी झगडणारी, कुठल्याच पक्षाची नसलेली संस्था. 1999 मध्ये तिच्याकडून आयआयएम अहमदाबादचे काही प्राध्यापक, त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर वगैरे मंडळी, दिल्ली हायकोर्टात गेले. मागणी काय, तर उमेदवारावर केसेस किती आणि प्रॉपर्टी किती हे मतदाराला कळू दे. बस एवढंच. हायकोर्ट हो म्हणालं, केंद्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही 2 मे 2002 ला निकाल मतदाराच्याच बाजूने लागला. आणि मग गंमत झाली, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका टेबलावर बसले आणि एकमताने म्हणाले की हे काही चालणार नाही. सरकारने कोर्टाच्या निकालाला बगल देणारा वटहुकूम काढला. राष्ट्रपती कलामांनी तो परत पाठवला, मंत्रिमंडळाने तसाच पुन्हा धाडला, मग त्यांना सही करावी लागली. पुढे त्याचा कायदा झाला, आणि कोर्टाने सांगितलेली माहिती उमेदवाराने दिली नाही तरी चालेल असं कलम त्यात आलं. शेवटी मार्च 2003 मध्ये कोर्टाने ते कलमच उडवलं तेव्हा कुठे आज आपण उमेदवाराचं ॲफिडेव्हिट मोबाईलवर उघडून बघू शकतो. बायकोच्या नावावरचं सोनं, बँकेचं कर्ज, पेंडिंग खटले, सरकारी घराचं थकलेलं भाडं, सगळं त्यात असतं हो. पण निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात आपण ते वाचत नाही, आपण रील बघतो.

इलेक्टोरल बाँडच्या, म्हणजे देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून पक्षांना बँकेमार्फत देणगी द्यायच्या स्कीमच्या केसमध्ये पण हेच एडीआरचे लोक होते, कॉमन कॉज ही संस्थाही होती. 15 फेब्रुवारी 2024 ला कोर्टाने ती स्कीमच घटनाबाह्य ठरवली, स्टेट बँक मुदत मागत होती ती दिली नाही, आणि मार्चमध्ये बाँड कोणी घेतले, कोणत्या पक्षाने वटवले याच्या याद्या बाहेर आल्या. सत्ताधारी आणि विरोधक दोघांचीही नावं त्यात. माकपने मात्र बाँड घेतलेच नव्हते, उलट तेही याचिकेत होते, हे पण सांगायला हवं, नाहीतर सगळे सारखेच म्हणून हात झटकायला आपण मोकळे.

बरं, दिल्ली राहू दे. आपल्या महाराष्ट्रात 2018 पासून एक जीआर, म्हणजे सरकारी आदेश आहे, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या सरकारी ऑफिसात जाऊन फायली बघता येतात. पुणे महापालिकेत तर हे त्याच्याही आधीपासून होतं. पुण्यातल्या सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर वगैरे मंडळी लोकांना कानीकपाळी ओरडून हे सांगत असतात, तरी दहातल्या नऊ जणांना मी सांगितलं की ते म्हणतात, काय सांगतोस!

मी रस्त्याची फाईल बघायला गेलो होतो. ऑफिसचं नाव घेत नाही, कशाला. क्लार्कने फाईल हातात द्यायच्या आधी विचारलं, "साहेब, तुम्ही कोणाकडून?" म्हटलं कोणाकडून नाही, इथेच मागच्या गल्लीत राहतो. "नाही पण, कुठल्या पक्षाचे?" कुठल्याच नाही. त्याला ते पटेचना, बिचारा दोनदा आत साहेबांकडे जाऊन आला. त्याचंही चुकलं असं नाही म्हणणार मी, फाईल मागायला येणारा माणूस कोणाचा तरी असतोच हा त्याचा रोजचा अनुभव. फाईल मिळाली शेवटी. वर्क ऑर्डर होती, मोजमाप पुस्तिका होती, आणि डिफेक्ट लायबिलिटीची मुदत स्वच्छ लिहिलेली, म्हणजे तेवढ्या काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. मुदत संपलेलीच नव्हती. आणि त्याच रस्त्याचं नवीन एस्टिमेट त्याच फाईलला मागे लावलेलं!!

आता एक तक्रार या चांगल्या लोकांबद्दल पण. नागरिक मंचांच्या मीटिंगला जा, अर्धं सभागृह रिटायर्ड. त्यांना वेळ आहे, चिकाटी आहे, त्यांच्यामुळेच हे सगळं टिकलंय, कबूल. पण नाल्याच्या पलीकडची वस्ती तिथे नसते, आणि सार्वजनिक नळाचं, संडासाचं सगळ्यात जास्त तिथलेच लोक भोगतात. त्यांना नगरसेवकाच्या ऑफिसशिवाय दार माहीत नाही, कारण ते दार रात्री दहालाही उघडं असतं. धुणीभांडी करणारी बाई सोमवारी दुपारी 3 ला फाईल बघायला कशी जाणार? खाडा करून? मला तर वाटतं पुढची मागणी हीच असायला हवी की महिन्यातून एकदा तरी ही वेळ संध्याकाळी ठेवा, 6 ते 8, क्षेत्रीय कार्यालयात. कोणी निवेदन तयार करत असेल तर मला टॅग करा, सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे.