पोस्टाला शिव्या देण्याची योग्य पद्धत

पत्र आलं नाही, पार्सल आलं नाही, एटीएम कार्ड आलं नाही, की आपण सगळे एकच वाक्य म्हणतो, ‘पोस्टाचं काही खरं नाही.’ वाक्य चुकीचं नाही, पण फार ढोबळ आहे. शेवभाजी बिघडली तर मसाला करपला, शेव जुनी होती की तेलात हात आखडला, हे खान्देशी माणूस पहिल्या घासाला सांगतो. मग पोस्टाच्या बाबतीतच एवढा आळस का? देशात सुमारे १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसं आहेत, त्यांच्यात जाती-पोटजाती आहेत, आणि तुम्ही सगळ्यांना एकाच शिवीत गुंडाळता. हा त्या खात्याचा अपमान आहे. शिवी योग्य पत्त्यावर, योग्य पिनकोडासह गेली पाहिजे.

सुरुवात वरून करा. मुंबईच्या जीपीओला, म्हणजे जनरल पोस्ट ऑफिसला, बोलायचं असेल तर खुशाल बोला. १९१३ साली पुरी झालेली, विजापूरच्या गोल घुमटावर बेतलेली ती इमारत आहे. तुमच्यासारखे पुष्कळ तिनं ऐकले आहेत. पण रावेरला न आलेल्या पार्सलचा तिच्याशी संबंध जोडायला बरीच प्रतिभा लागेल.

त्याखाली हेड पोस्ट. हे मोठं प्रकरण. आसपासच्या सगळ्या पोस्टांचा हिशेब इथे येऊन मिळतो. इथे बचत खात्याची रांग, स्पीड पोस्टची रांग आणि आधारची रांग अशा तिन्ही रांगा असतात आणि आपण नेहमी चौथ्या गोष्टीसाठी गेलेलो असतो. इथे भांडण करू नका. इथे तुमच्याआधी भांडायला आलेले लोक आहेत, त्यांचीही रांग आहे.

मग सब पोस्ट ऑफिस, म्हणजे पाटीवरच्या भाषेत उपडाकघर. यातली काही ‘सिंगल हँडेड’ असतात. म्हणजे एकच माणूस. तोच पोस्टमास्तर, तोच कारकून, तोच खजिनदार. अशा ठिकाणी काउंटरवर हात आपटून ‘तुमच्या साहेबांना बोलवा’ असं जरूर म्हणा. तो माणूस शांतपणे एकदा मागे वळून रिकाम्या खुर्चीकडे बघतो, पुन्हा तुमच्याकडे वळतो आणि म्हणतो, ‘बोला.’

आता एक बारीक जात सांगतो, जिच्यात मी स्वतः फसलो. माझं एक रजिस्टर पत्र ‘घर बंद’ असा शेरा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत गेलं. ऐन एप्रिल, आई दिवसभर ओट्यावर बिबड्या वाळत घालत बसलेली. घर बंद होतं हे ती आजही मान्य करत नाही. मी तावातावानं घराजवळच्या पोस्टात गेलो, पोस्टमनच्या नावानं दहा मिनिटं बोललो. समोरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘दादा, हे नॉन डिलिव्हरी ऑफिस आहे. आमच्याकडे पोस्टमनच नाही.’ म्हणजे हे पोस्ट पत्रं घेतं, पण वाटत नाही! वाटणारं पोस्ट वेगळं, चार किलोमीटरवर. तिथे पोहोचेपर्यंत माझा अर्धा राग पेट्रोलमध्ये गेला. तेव्हा घरून निघतानाच चौकशी करा : शिव्या द्यायचं पोस्ट डिलिव्हरीचं आहे ना?

पण खरा अभ्यास भुसावळला आहे. भुसावळ म्हटलं की आपल्याला केळी, जंक्शन आणि पंचेचाळीसच्या पुढचं ऊन एवढंच सुचतं. पोस्टाच्या लेखी मात्र भुसावळ हे आरएमएसच्या ‘एल’ विभागाचं ठाणं आहे. आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. १८६३ साली अलाहाबाद ते कानपूर धावत्या गाडीत पत्रं निवडायला सुरुवात झाली; गाडी चालू, कंदील हलतोय आणि माणसं कप्प्यांत पत्रं टाकताहेत. आता निवडणी बहुतेक जमिनीवरच्या कार्यालयांत होते, पण नाव रेल्वेचंच राहिलं.

इथे तक्रार करण्याआधी आणखी एक फरक शिकून घ्या. सॉर्टिंग करणारं ऑफिस बॅग उघडतं, पत्रं गावानुसार लावतं. ट्रान्झिट मेल ऑफिस बॅग उघडतच नाही; सीलबंद बॅगा या गाडीतून त्या गाडीत. त्यामुळे ‘माझं पत्र कुठे आहे’ असं तुम्ही तिथे विचारलंत तर ‘आम्ही पाहिलेलं नाही’ असं उत्तर मिळेल, आणि ते शंभर टक्के खरं असेल. सरकारी कार्यालयात शंभर टक्के खरं उत्तर मिळण्याची सोय फार ठिकाणी नाही, याची जाणीव ठेवा.

शेजारच्या गावचं पत्र आधी लांबच्या सॉर्टिंगला जाऊन मग मागे येतं, यालाही हसू नका. मागच्या गल्लीत जायला आपणही आधी मोठ्या रस्त्यावर येतोच की. फक्त आपला मोठा रस्ता पन्नास किलोमीटरवर नसतो.

आता पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्यामागचं डोकं आपल्या माणसाचं, श्रीराम भिकाजी वेलणकरांचं. ते संस्कृतचे पंडित होते. ज्या माणसाला संस्कृतची रूपं पाठ होती त्याला सहा आकडे काय जड? जड आपल्याला जातात. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन वाटणाऱ्या पोस्टाचे. हा ‘सॉर्टिंगचा जिल्हा’ म्हणजे तुमचा जिल्हा नव्हे, आणि इथेच खान्देशात खरी मजा सुरू होते. जळगाव ४२५, धुळे ४२४, इथपर्यंत ठीक. पण चाळीसगाव आणि पाचोरा जळगाव जिल्ह्यात असून त्यांचा कोड ४२४ नं सुरू होतो, आणि शिरपूर धुळे जिल्ह्यात असून त्याचा ४२५ नं. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, तरी त्याचा कोड ४२५४१२, म्हणजे जळगावच्या गोतात. रेल्वेचा नकाशा समोर ठेवा. सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेर आणि नंदुरबार एका ओळीत सापडतील, आणि चाळीसगावहून निघालेला फाटा सरळ धुळ्याला जाताना दिसेल. कलेक्टरनं रेघ कुठे मारली याच्याशी टपालाला कर्तव्य नसावं; त्याला रूळ दिसतात. अंटार्क्टिकावरच्या दक्षिण गंगोत्री या भारतीय तळाचं पोस्ट गोव्याच्या पोस्टाखाली होतं, तिथे चाळीसगाव-पाचोऱ्यानं एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

तेव्हा ऑनलाइन अर्जात पिनकोड टाकल्यावर भलताच जिल्हा आपोआप उमटला, तर घाबरू नका. तुम्ही त्या जिल्ह्यात गेलेला नाहीत. फक्त तुमचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र गेलं.

आणि ज्यांना पत्ता नीट लिहिणं हीच पोस्टाची किल्ली वाटते, त्यांनी माझ्या भाच्याचा आणि काकांचा अनुभव ऐकावा. भाचा फौजेत. त्याचा पत्ता म्हणजे नंबर, युनिट आणि ‘द्वारा ५६ एपीओ’, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. गाव नाही, राज्य नाही, बर्फ की वाळवंट तेही नाही. फौजेच्या टपालाची व्यवस्था वेगळी, पिनकोडाचा पहिला आकडा ९. आईनं पाठवलेला चिवडा तिथे पोहोचतो, आणि तोही बऱ्यापैकी कुरकुरीत. काकांच्या पत्त्यात मात्र गल्ली आहे, मारुतीचा पार आहे, केळीचं गोडाऊन आहे, तालुका-जिल्हा आहे आणि त्यांना गावात आंधळाही ओळखतो. त्यांचं पत्र ‘अपुरा पत्ता’ म्हणून परत.

यावर सरकारनं २०२५ मध्ये उपाय काढला आहे, डिजिपिन. दहा अक्षरांचा कोड, देशाचा साधारण चार बाय चार मीटरचा एकेक तुकडा नेमका सांगणारा. आता काकांचं घरच काय, घराचा कोणता कोपरा तेही कळेल. काका त्या चौकोनात सापडतील का, हा प्रश्न वेगळा. सकाळी ते मळ्यात असतात आणि संध्याकाळी पारावर. दहा अक्षरं त्यांना पाठ करायला सांगून बघा आणि मग पोस्टाला काय बोलायचं ते बोला.

ज्या पत्राला ना जायला जागा ना परतायला, त्याच्यासाठीही ऑफिस आहे. पूर्वी त्याला डेड लेटर ऑफिस म्हणत, पुढे नाव बदलून रिटर्न्ड लेटर ऑफिस झालं. मेलेलं होतं ते परतलेलं झालं. सरकारात पुनर्जन्म एका परिपत्रकात होतो. दुसऱ्याचं पत्र उघडून वाचायची मुभा असलेली ही दुर्मीळ जागा. सासरच्या मंडळींना हे सांगू नका, अर्ज करतील.

तारेबद्दल काही बोलायचं असेल तर उशीर झाला. १५ जुलै २०१३ पासून ती बंद आहे. रजिस्टर पत्राचा राग असेल तर तोही आवरता घ्या. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. आता जे काय उशिरा येईल ते स्पीडनंच उशिरा येईल.

एवढी सगळी ऑफिसं पालथी घातल्यावर तुमच्या लक्षात येईल की प्रत्येकानं तुम्हाला खालच्याकडे बोट दाखवलं. हेडनं सबकडे, सबनं सॉर्टिंगकडे, सॉर्टिंगनं ‘आमच्याकडून वेळेत निघालंय’ म्हणून आणखी खाली. त्या बोटाच्या टोकाला जे आहे त्याचं नाव ब्रँच पोस्ट ऑफिस, शाखा डाकघर. देशातली दहातली नऊ पोस्टं खेड्यांत आहेत आणि त्यातली बहुतेक याच जातीची. त्यामुळे शिव्यांचं शास्त्र संख्येच्या दृष्टीनंही इथेच येऊन थांबतं.

हे पोस्ट ओळखायचं कसं? इमारत शोधू नका. तांबडी पाटी कुणाच्या तरी ओसरीवर लटकलेली असेल. पोस्टाची जागा ब्रँच पोस्टमास्तरनंच द्यायची असते. त्याचा हुद्दा ग्रामीण डाक सेवक. पूर्वी या लोकांना ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणत, म्हणजे खात्यात असून खात्याबाहेरचे. कामाचे तास चार किंवा पाच. २०१८ मध्ये सुधारणा झाली तेव्हा चार तासांच्या ब्रँच पोस्टमास्तरला सुरुवातीला १२ हजार रुपये महिना ठरले, पण त्याला पगार म्हणायचं नाही. त्याचं नाव ‘टाइम रिलेटेड कंटिन्युइटी अलाउन्स’. सातत्याचा भत्ता! बायको रोज विचारते, ‘पगार झाला का?’ तर हा खरेपणानं ‘नाही’ म्हणू शकतो.

या चार तासांत त्यानं पत्रं द्यायची, बचत खाती सांभाळायची, सुकन्येचे हप्ते घ्यायचे, ग्रामीण विमा विकायचा, २०१८ पासून पोस्टाच्या पेमेंट्स बँकेसाठी म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनवर टेकवायचे. शेतात कापूस वेचून झिजलेले अंगठे. मशीन त्यांना ओळखत नाही, हा त्यांना पाळण्यापासून ओळखतो. पण पैसे मशीनच्या ओळखीवर मिळतात. बाई चौथ्यांदा अंगठा पुसून लावते आणि तो मोबाइल खिडकीबाहेर धरून म्हणतो, ‘नेट नही शे आक्का, दुपारले ये.’ दुपारी त्याचे तास संपलेले असतात. ती येते, तो देतो.

हाच तुमचा माणूस. बाकी सगळे काचेमागे, रुळापलीकडे नाहीतर टोल फ्री नंबरावर. हा एकटा हाताशी आहे, गावचा आहे आणि उलट बोलला तर उद्या तुमच्याच चक्कीवर दळण आणायचंय त्याला. तेव्हा मनसोक्त बोला. वेळ मात्र सांभाळा. सकाळी तास चालू असताना जा, तेव्हा ते पोस्ट असतं. संध्याकाळी गेलात तर त्याच ओसरीवर खाट टाकलेली असते, शिक्के आणि वजनकाटा कोनाड्यात सरकवलेले असतात आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत आतून चहा येतो. बशी खाली ठेवेपर्यंत तो कोनाड्यात हात घालून तुमचं पार्सल काढतो. ‘सकायलेच उनं होतं भाऊ, तुम्हनं घर बंद होतं.’