महासत्ता होऊ इच्छिणाऱ्यांसाठी पीकसल्ला

भारत महासत्ता होणार, हे कोल्हापुरात केव्हाच ठरलंय. जगात भारी आपण आधीपासून आहोतच, आता फक्त दिल्लीनं कागद करायचा राहिलाय. पण वाचकहो, नुसत्या रणगाड्यांनी आणि उपग्रहांनी महासत्ता होता येत नाही. आपल्यावर दात खाऊन असलेली, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन आपला घ्यायला निघालेली माणसं दूरदेशी तयार व्हावी लागतात. ती आपोआप उगवत नाहीत, त्यांची लागण करावी लागते. उसाच्या लागणीतलं शिरोळ-कागलच्या माणसाला आम्ही काय सांगणार? तरी या पिकात अमेरिकेएवढा मुरलेला बागायतदार दुसरा नाही, म्हणून तिच्याच पद्धतीनं चार गोष्टी सांगतो.

जमीन बघताना जिथली माणसं स्वतःच्या डोक्यानं कारभार करू बघतायत, अशी बघा. इराणात 1951 मध्ये मोहम्मद मोसादेग पंतप्रधान झाले आणि ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातलं तेल देशाच्या मालकीचं करायच्या कामाला लागले. म्हणजे त्यांच्या जमिनीखालचं तेल त्यांचं म्हणे! असला उद्धटपणा खपवून घ्यायचा नसतो. ऑगस्ट 1953 मध्ये सीआयए आणि ब्रिटिश हेरांनी पैसा पेरला, भाड्याची गर्दी रस्त्यावर उतरवली आणि मोसादेगांना खाली ओढलं. (भाड्याची गर्दी कशी जमवतात, हे शिकायला परदेशी जायची गरज नाही. प्रचाराच्या दिवसांत कुठल्याही तालुक्याला जा.) मग शहाला गादीवर घट्ट बसवलं, त्याला सावाक नावाची गुप्त पोलीस यंत्रणा उभी करायला मदत केली आणि निवांत वाट बघितली. आपला आडसाली ऊस अठरा महिन्यांत तुटतो, हे पीक यायला 26 वर्षं लागली. नोव्हेंबर 1979 मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत पोरं घुसली आणि 52 अमेरिकन 444 दिवस ओलीस राहिले. 1953 च्या उठावामागे आपण होतो, हे सीआयएच्या कागदांतून उघडपणे कबूल झालं ते 2013 मध्ये. तोवर हे इराणी आपल्यावर एवढे का पिसाळलेत, हे अमेरिकेतल्या सामान्य माणसाला उमगतच नव्हतं. हे अज्ञान जपा. कुठल्याही खतापेक्षा त्याचा उतारा जास्त.

बेणं, म्हणजे लागणीची कांडी, निवडताना फार चिकित्सा करू नये. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्यावर पैसा सीआयएनं ओतला आणि वाटप पाकिस्तानच्या आयएसआयकडं दिलं. तिनं सगळ्यात कडव्या गटांना सगळ्यात मोठा वाटा दिला. 1986 पासून खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रंही पोचली. पोरांसाठी अमेरिकी मदतीच्या पैशातून नेब्रास्का विद्यापीठानं शाळेची पुस्तकं तयार केली, त्यात बेरीज-वजाबाकी बंदुका आणि गोळ्या मोजून शिकवलेली. 1989 मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या आणि मालकांनीही रानाकडं पाठ फिरवली. नंतर तीच स्टिंगर परत विकत घ्यायला सीआयए पैसे घेऊन हिंडत होती. दरम्यान काही बेणं आणि पुष्कळ हत्यारं बांध ओलांडून आपल्या काश्मीरात उतरली, पण शेजाऱ्याच्या रानात काय उगवतंय ते बघत बसलं तर महासत्तेची कामं कधी व्हायची?

एक खुलासा इथंच करतो, नाहीतर कुणीतरी ओरडेल. मशागत कुणी का केली असेना, बाजारात बॉम्ब ठेवणारं बेणं ते बेणंच. त्याच्या गुन्ह्यात सूट नाही.

सगळ्याच जमिनीत हे येत नाही, हेही खरं. व्हिएतनाममध्ये वर्षानुवर्षं बॉम्ब आणि विषारी फवारणी केली, तरी तिथून कुणी अमेरिकेत विमानं घेऊन घुसलं नाही. डिसेंबर 1971 मध्ये, बांगलादेश युद्धात, एंटरप्राइज ही युद्धनौका बंगालच्या उपसागराकडं धाडून आपल्याकडंही एक सरी ओढून बघितली होती. आपण शिव्या दिल्या आणि पुढं पोरांना व्हिसाच्या रांगेत उभं केलं. पीक हमखास हवं असेल तर दोस्ताची जमीन बरी. सौदी राजघराण्याला पाठीशी घालून 1990 मध्ये तिथं फौजा नेऊन ठेवल्या. 11 सप्टेंबर 2001 च्या 19 अपहरणकर्त्यांपैकी 15 सौदी होते.

तोडणीला मालक स्वतः कधी सापडत नाही. त्या सकाळी मेले ते कारकून, हॉटेलातले आचारी, अग्निशमन दलाचे जवान. मालकानं अशा वेळी संसदेत उभं राहून ‘ते आपला द्वेष का करतात?’ असं विचारावं आणि आपल्याला असलेलं स्वातंत्र्य त्यांना बघवत नाही, असं उत्तरही स्वतःच द्यावं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी 20 सप्टेंबरला ते केलं. टाळ्या पडल्या.

आता खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक. लागणीपेक्षा खर्च कमी, आणि बुडखे जमिनीलगत छाटले की फुटवे जोमानं येतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. 2003 मध्ये, पुढं कधीच न सापडलेल्या शस्त्रांसाठी, इराकवर कोयता चालवला. मे महिन्यात तिथले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आदेशानं अख्खं इराकी सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं बेकार, हाताला बंदुकीची सवय. फुटव्यांना आणखी काय हवं? मग पकडलेल्यांना बुक्का या अमेरिकी तुरुंगछावणीत दाटीवाटीनं एकत्र ठेवलं, 2004 मध्ये त्यांत पुढं इस्लामिक स्टेटचा म्होरक्या झालेला बगदादीही होता. 2014 मध्ये त्याच्या लोकांनी इराकचं मोसूल शहर घेतलं, ते इराकी फौजेला दिलेल्या अमेरिकी गाड्यांसकट.

राहिला काटा, म्हणजे वजन. काटा मारायचं कसं, हे आपल्या जिल्ह्याला अमेरिकेनं शिकवायला नको. आपली माणसं नावानिशी मोजावी, दरवर्षी ती नावं वाचावी. त्यांची टनावर घ्यावी. जुलै 1988 मध्ये अमेरिकी युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान पाडलं, 290 माणसं गेली. नौकेच्या कप्तानाला पुढं पदक मिळालं. 1996 मध्ये मेलेल्यांच्या वारसांचा हिशेब 6 कोटी 18 लाख डॉलरवर मिटला. रीतसर माफी मागितली नाही. एफआरपीत, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायच्या किमान दरात, ती धरलेली नसते.