टेप गुंडाळली म्हणजे वायरिंग झाली?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरायची तर वापसा सांभाळावा लागतो. पाऊस उघडला की चार-सहा दिवस हाताशी असतात. आधी शिरलं तर चिखल, उशीर केला तर वरची ओल उडून बी कोरड्यात पडतं. आमच्याकडे मागून पाणी द्यायची सोय नाही, आहे त्या ओलीवर मालदांडी ज्वारी काढायची. त्या चार-सहा दिवसांतले अडीच दिवस माझे ट्रॅक्टरच्या वायरिंगपायी गेले. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितोय.

ट्रॅक्टर १९८९ सालचा, ३५ एचपीचा, वडिलांनी कर्ज काढून घेतलेला. इंजिनचं काम दोनदा केलंय, गिअर आणि हायड्रॉलिक अजून ठणठणीत. तक्रार आहे ती वायरिंगची, आणि त्याहून जास्त त्या वायरिंगला हात लावणाऱ्यांची.

श्रावणात सुरू झालं. चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, 'टक्' करायचा आणि गप्प. पहिला वायरमन आला, म्हणाला, "मालक, बॅटरी गेली." साडेसहा हजार मोजून नवी बॅटरी आणली. आठ दिवस बरे गेले, परत टक्. दुसरा म्हणाला, डायनामो बॅटरीला चार्जिंग करत नाही. डायनामो उतरवला, तालुक्याला नेऊन वाइंडिंग भरून आणलं, बावीसशे. परत टक्. तिसऱ्यानं सेल्फ खोलला, बुश आणि कार्बन बदलले, अठराशे. परत टक्!

साडेदहा हजार गेले आणि तिघांपैकी एकानंही व्होल्ट मोजायचा मीटर लावला नाही. एकानंही नाही! बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरायला अर्धं मिनिट लागतं. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून रेस दिली आणि आकडा चौदाच्या जवळ गेला, तर डायनामो चांगला. जागचा हलला नाही, तर चार्जिंग नाही. यात अंदाजानं बोलायचं कारणच काय? पण यांची तपासणी म्हणजे दोन टर्मिनलवर पान्हा घासायचा, ठिणगी बघायची आणि मान हलवून सांगायचं, "दम नाही मालक हिच्यात." चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्याच्यावर ठिणगी पाडतात, तेही तोंड खाली घालून. डोळे जातील कुणाचे तरी.

शेवटी तीनशे रुपयांचा मीटर मीच आणला. एक टोक बॅटरीच्या मायनसवर धरलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि पोराला म्हटलं, मार सेल्फ. तिथं जेमतेम पाव-अर्धा व्होल्ट दिसायला हवा. दिसले चार! बारातले चार व्होल्ट अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला जोडणाऱ्या पट्टीतच मरत होते, सेल्फ बिचारा कशाच्या जोरावर फिरणार? पट्टी सोडली तर बोल्टाखाली रंग. कधीतरी बॉडीला रंग मारला तेव्हा पट्टी तशीच रंगावर आवळून टाकलेली, आणि कडेनं पाणी शिरून आत गंज धरलेला. पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, नवी पट्टी आवळली, वरून ग्रीस लावलं. खर्च एकशे ऐंशी रुपये. पहिल्या झटक्यात गाडी चालू. तिघंही त्या पट्टीला हात टेकवून उभे राहिले होते, आणि साडेदहा हजार मात्र माझ्या खिशातून गेले.

तेवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ गिळून टाकलं असतं. पेरणी तोंडावर, रात्रीसुद्धा चालवायची म्हणून दिवे हवे होते, आणि मला वेळ नव्हता. चौथ्याला बोलावलं. बाराशेत नवी वायरिंग करून देतो म्हणाला. आठशे हातावर ठेवले, चारशे नंतर. दुपारी आला, दिवस मावळायच्या आत गेला. दिवे लख्ख लागले.

पेरणीच्या दुसऱ्या रात्री पोरगा स्टिअरिंगवर होता, मी मागं पेरणीयंत्राच्या नळ्यांवर लक्ष ठेवून. आधी वास आला, जळक्या प्लॅस्टिकचा, घशाला झोंबणारा. मग डॅशबोर्डच्या फटीतून धूर. पोरानं बंद करायची दांडी ओढली, इंजिन थांबलं, धूर थांबेना. कसा थांबेल? इंजिन बंद झालं तरी बॅटरी जिवंतच असते. अंधारात चाचपडत पान्हा शोधला आणि मायनसचं टर्मिनल सोडलं, तेव्हा ते विझलं. डॅशबोर्डपासून हातभर अंतरावर डिझेलची टाकी आहे. माझा एकोणीस वर्षांचा पोरगा तिथं बसलेला होता.

सकाळी डॅशबोर्ड खोलला आणि हातपाय गळाले. फ्यूजच्या डबीत फ्यूजच नाही! फ्यूजच्या जागी तांब्याच्या पाच-सहा तारा पिळून घातलेल्या. पंधरा अँपिअरचा फ्यूज कशासाठी असतो? जास्त करंट ओढला गेला तर तो आधी तुटावा आणि वायर वाचावी म्हणून. पिळलेल्या तारा तुटत नाहीत, मग वायरच जळते. आणि वायर कुठली, तर घरात भिंतीत घालतात ती, आत एकच कडक तार असलेली. ट्रॅक्टर दिवसभर हादरतो. त्या हादऱ्यानं एकेरी तार आतल्या आत मोडते, म्हणून गाडीला बारीक तारांची मऊ वायर लागते. दिव्याची लाल, हॉर्नची लाल, चार्जिंगची पण लाल. पुढच्या माणसानं काय ओळखायचं? पत्र्याच्या भोकात रबरी बुश नाही, त्यामुळे कडेवर घासून वायर सोललेली. जोड मी मोजले, तेरा. तेराच्या तेरा नुसते पिळलेले आणि वर काळी टेप. टेपचा गोंद इंजिनच्या उष्णतेनं वितळून बोटांना लागत होता.

दिवे लख्ख का लागले तेही कळलं. दोन्हीकडे शंभर वॅटचे बल्ब. दोनशे वॅट म्हणजे बारा व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर, आणि ते सगळे त्या बारीक वायरीतून आणि पस्तीस वर्षं जुन्या स्विचमधून. जास्त करंट स्विचवर न येता परस्पर दिव्याला देणारा रिले नाही. स्विचचं बूड वितळून वाकडं झालं होतं.

हे असं का करतात ते मला ठाऊक आहे. असल्या जुन्या डिझेलच्या इंजिनाला एकदा चालू झालं की करंट लागत नाही. दिवे गेले, डॅशबोर्डवरचा मीटर गेला, हॉर्न गेला, तरी नांगरट होतेच. मग वायरिंगची किंमत कोण करणार? "जुना ट्रॅक्टर आहे मालक, चालतंय." हे वाक्य कानावर पडलं की माझं रक्त उसळतं. काय चालतंय? कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर, आणि निम्म्यांना मागचा लाल दिवा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालापासून आहेत, त्यात मागचा दिवाही आहे आणि रिफ्लेक्टरही. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला काळोखात उसाचं टोक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ट्रॉलीच्या दिव्याची वायर कुठंतरी तुटलेली असते, ती जोडायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं कुणी देत नाही.

सगळं उपटून फेकलं. दीड दिवस बसून मी आणि पोरानं नवं केलं. दिव्याला एक रंग, चार्जिंगला दुसरा, हॉर्नला तिसरा. वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून बसवले, प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज, दिव्यांना रिले, वरून स्लीव्ह, आणि बल्ब परत मूळच्या वॅटचे. सामान साडेचौदाशेचं. मग पेरायला गेलो तर उरलेल्या तीन एकरांतली ओल बोटभर खाली गेलेली. पेरलं तरी. आज तिथं ज्वारी टक्कल पडल्यासारखी उगवलीय, बांधापलीकडच्या शेजाऱ्याची दाट आहे.

आज सकाळी चौथ्याचा फोन आला. "मालक, उरलेले चारशे द्या की, मजुरी आहे." जळलेली वायर मी फेकलेली नाही, खताच्या पिशवीत बांधून ओसरीवर ठेवलीय. त्याला सांगितलं, ये घरी. पोराच्या समोर बस, हे तेरा जोड एकेक करून मोज, आणि मग माग मजुरी.